दवंडीने नवे काय सांगितले? : एका तर्ककोड्याची चिकित्सा

जॉर्ज गॅमो व मार्विन स्टर्न यांच्या ‘पझल-मॅथ’ (१९५८) या पुस्तकातील ४० व्यभिचारी पत्नींचे कोडे तर्कशास्त्रात प्रसिद्ध आहे. सुलतानाच्या शहरात प्रत्येक पुरुषाला इतरांच्या पत्नींविषयी ठाऊक असते, फक्त स्वतःच्या पत्नीविषयी नसते. शहरात अशा स्त्रिया आहेत आणि खात्री पटलेल्या पतीला पत्नीस ठार मारण्याची मुभा आहे, अशी दवंडी पिटली जाते. ३९ दिवस शांततेत जातात. ४०व्या दिवशी ४० हत्या होतात.

कोड्याचे मर्म दवंडीत आहे. अशी स्त्री एकच असती, तर तिच्या पतीला दुसरी कोणी आढळली नसती आणि त्याने पहिल्याच दिवशी ओळखले असते. दोन असत्या, तर प्रत्येक पती दुसऱ्याची वाट पाहता. पहिला दिवस कोरा गेल्यावर दुसऱ्या दिवशी दोघांनाही उमगते. याच पायऱ्यांनी ४०पर्यंत जाता येते. परंतु किमान ३९ जणी प्रत्येकाला आधीच ठाऊक होत्या. दवंडीने नवी बातमी दिली नाही; ‘हे सर्वांना ठाऊक आहे’ हेही सर्वांना ठाऊक झाले, आणि ही साखळी पुढे अखंड राहिली. कुजबुज आणि मुनादी यांतील भेद तो हाच. डेव्हिड लुईस यांनी ‘कन्व्हेन्शन’ (१९६९) या ग्रंथात या सामाईक ज्ञानाची तात्त्विक मांडणी केली.

रचना म्हणून कोडे निर्दोष आहे. कथा म्हणून नाही. सुलतान आणि हत्या यांची तर्काला गरज नाही. शिवाय विचार करतात ते केवळ पती. ४० स्त्रियांना बुद्धीच दिलेली नाही. वर्गातील विद्यार्थिनीने अशा अनुमानाचे कौतुक करावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

त्याआधीच्या जे. ई. लिटलवुड यांच्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स मिसेलनी’मध्ये (१९५३) हेच बीज निराळ्या रूपात आहे. रेल्वेच्या डब्यात चेहरे मळलेल्या तीन स्त्रिया हसत असतात. एकीच्या ध्यानात येते : आपला चेहरा स्वच्छ असता, तर दुसरीला ‘तिसरी मग कोणाला हसते?’ असा प्रश्न पडला असता आणि तिचे हसू थांबले असते. येथे तर्क स्त्रियाच करतात. मात्र दवंडी नाही, दिवसांची मोजणी नाही. त्यामुळे पायऱ्या नवख्याला दिसत नाहीत.

अध्यापकांनी प्रसंग लिटलवुडचा आणि दवंडी गॅमोची घ्यावी : ‘तुमच्यापैकी किमान एकीच्या कपाळावर शाई आहे’ असे जाहीर करावे आणि फेरीफेरीने ‘कोणाला स्वतःविषयी कळले?’ असे विचारावे. इतरांचे मौनही पुरावा असते, हे शिकवण्यास रक्तपाताची आवश्यकता नाही.