रहस्यकथा आणि हरण्याचा आनंद

रहस्यकथा वाचणारा मनुष्य हरण्यासाठी वाचतो. खुनी आपण आधीच ओळखला होता, असे अभिमानाने सांगणारा वाचक मनातून काहीसा निराशच झालेला असतो. लेखकाने आपल्याला बेमालूम फसविले, हेच त्याचे खरे समाधान. उलट, खेळणारा मनुष्य जिंकण्यासाठी खेळतो. नामवंत रहस्यकादंबऱ्यांवरून व्हिडिओ गेम रचणाऱ्यांपुढील खरी अडचण ही आहे. चित्रे किती सुबक, हा प्रश्न दुय्यम होय.

भिलाईसारख्या गावी हा विषय निव्वळ करमणुकीचा राहत नाही. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्यामागोमाग जी मराठी कुटुंबे येथे आली, त्यांच्या सामानातून बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाडही आले. त्या कुटुंबांतील नातवंडे आज शाळेत हिंदी आणि इंग्रजी शिकतात. देवनागरी त्यांना परकी नाही, परंतु मराठी कादंबरी हाती धरण्याची सवय सुटत चालली आहे. रहस्यकथेशी त्यांची पहिली गाठ पुष्कळदा पडद्यावरच पडते. तेव्हा पडद्यावर तिचे काय होते, हे पाहणे आम्हांला अगत्याचे वाटते.

रूपांतराला आमचा विरोध नाही. तसा तो मराठी माणसाने करणे कृतघ्नपणाचेच ठरेल, गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांना मराठी वेष चढविला, त्यावर एक पिढी पोसली गेली. राजा नवाथे यांनी १९६५ च्या 'गुमनाम' चित्रपटात अगाथा ख्रिस्तीबाईंची कल्पना गाण्यांसकट हिंदीत आणली, तेही लोकांनी आवडीने पाहिले.

'गुमनाम'च्या मुळाशी असलेल्या 'अँड देन देअर वेअर नन' या १९३९ च्या कादंबरीवर २००५ साली खेळ निघाला. दहा माणसे एका बेटावर अडकलेली, प्रत्येकाच्या माथी जुना गुन्हा, आणि सोडवायला गुप्तहेर नाही, हे त्या कादंबरीचे भय. खेळाने तेथे पॅट्रिक नॅराकॉट नावाचा नावाडी अकरावा म्हणून आणून बसविला, खेळाडू तो. त्याच्यावर आरोप नाही. असा एक निर्धास्त मनुष्य आत शिरताच त्या घरातील कोंडमारा संपला! शिवाय पुस्तक वाचलेल्यांनाही खेळण्यासारखे काही उरावे म्हणून खुनीच बदलला. परंतु कादंबरीतील खुनी म्हणजे नुसते एक नाव नव्हे. सारी रचना त्याच्या स्वभावातून निघाली आहे. कमानीचा मधला दगड काढून तेथे त्याच मापाची वीट बसविण्यासारखे हे झाले.

पुढल्याच वर्षी 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस'चा खेळ आला, तो अधिक समंजस आहे. येथे पॉयरोचा पाय दुखावून तो अंथरुणाला खिळतो, आणि आगगाडीभर हिंडून पुरावे गोळा करण्याचे काम आँत्वानेत मार्सो ही तरुणी, म्हणजेच खेळाडू, करते. युक्ती थोडी बाळबोध खरी. पण तिने खेळाडूला वॉटसनच्या जागी बसविले. हिंडावे आपण, शेवटचा शब्द मात्र दुसऱ्याचा, ही वाचकाची जुनीच जागा होय. पॉयरोला डेव्हिड सुशे यांचा आवाज मिळाला, हा वर लाभ. २०१६ च्या 'ए. बी. सी. मर्डर्स'मध्ये खेळाडू स्वतःच पॉयरो होतो, आणि तेथे आमचा विरस झाला. कारण पॉयरोच्या मनातले आपल्याला ठाऊक नसणे, यातच पॉयरो आहे.

हरण्याचे मोल ओळखणारा खेळ आम्हांला एकच आढळला: शेरलॉक होम्सवरील २०१४ चा 'क्राइम्स अँड पनिशमेंट्स'. त्यातील 'ब्लॅक पीटर'सारखी प्रकरणे कॉनन डॉइलच्या कथांवरून घेतली आहेत. त्यात खेळाडू निरपराध माणसावर गुन्हा शाबीत करू शकतो, आणि खेळ त्याला अडवीत नाही. कथा पुढे चालू राहते. वाचकाचे हरणे गोड असते. हे हरणे मनाला टोचते, कारण होम्सच्या कीर्तीखाली एका निर्दोष माणसाचा बळी आपण दिलेला असतो.

अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथांचा या दृष्टीने कोणी विचार करावा. त्यांचा झुंजार वाचकापासून लपत नाही, पोलिसांपासून लपतो; वाचक त्याच्याच गोटातला. येथे वाचकाला हरवायचे नसून पळवायचे आहे, म्हणून ही कथा खेळाला ख्रिस्तीबाईंपेक्षा सहज मानवेल. आमची अट एकच. पोलिसाशी गाठ पडली असता झुंजारने कोणते उत्तर द्यावे, हे भिलाईच्या मुलाने मराठी वाक्यांतून निवडले पाहिजे. आणि वाक्य चुकले तर त्याच्या हातांत बेड्या पडल्या पाहिजेत.