पडला, पडलं की पडले?

सआदत हसन मंटोच्या 'टोबा टेकसिंग' या कथेचा शेवट मराठीत आणताना सगळी अडचण एका क्रियापदाशी येऊन थांबते.

फाळणीनंतर दोन-तीन वर्षांनी दोन्ही देश वेड्यांची अदलाबदल करायचे ठरवतात. लाहोरच्या वेड्यांच्या इस्पितळात पंधरा वर्षे आडवा न झालेला बिशनसिंग एकच विचारत राहतो: टोबा टेकसिंग कुठे आहे? ते त्याचे गाव, तिथे त्याची जमीन. इस्पितळात सगळे त्यालाही याच नावाने ओळखतात. वाघा सीमेवर गाव पाकिस्तानात असल्याचे कळते, तेव्हा तो हिंदुस्थानात जायला नकार देतो आणि पहाटे दोन कुंपणांमधल्या बिननावाच्या जमिनीवर कोसळतो. शेवटच्या वाक्यात मंटो त्याला बिशनसिंग म्हणत नाही. टोबा टेकसिंग म्हणतो.

मग तिथे पडले आहे ते कोण? माणूस, की त्याचे गाव? उर्दूत दोन्ही पुल्लिंगी, त्यामुळे एकच क्रियापद दोघांना चालते. इंग्रजी क्रियापदाला लिंगच नाही. मराठीत मात्र 'पडला होता' म्हटले की उरतो फक्त माणूस, आणि 'पडलं होतं' म्हटले की फक्त गाव.

गावाचे नाव माणसाला लागणे तंजावरला नवे नाही. सेम्मनगुडी हे जुन्या तंजावर जिल्ह्यातले गाव. पण कर्नाटक संगीताच्या रसिकांना 'सेम्मनगुडी' म्हटले की श्रीनिवास अय्यरच (1908–2003) आठवतात. मृदंगवादक शिवरामन तसेच 'उमयाळपुरम'. तरीही तमिळमध्ये घोटाळा होत नाही. माणसे एका वर्गात, गावे-गुरे-वस्तू दुसऱ्या, ही विभागणी 'तोल्काप्पियम'इतकी जुनी आहे. 'किडंदान' म्हणजे माणूस पडला होता, 'किडंददु' म्हणजे गाव. क्रियापदाने वाक्य संपवायचे तर तमिळ अनुवादकालाही एकाची निवड करावीच लागते.

ही निवड निव्वळ व्याकरणाची नाही. तू इकडचा की तिकडचा, हेच सीमेवरचे अधिकारी बिशनसिंगला विचारत होते, आणि त्याने उत्तर नाकारले. 'पडला' लिहिणारा अनुवादक त्याच्या वतीने ते उत्तर देऊन टाकतो. कथा मग एका दुर्दैवी वेड्याच्या मृत्यूची होते. 'पडलं' लिहिले तर ती रूपककथा होते आणि सुजलेल्या पायांचा म्हातारा दिसेनासा होतो. खरे तर तो मेला, असेही मंटो स्पष्ट म्हणत नाही.

मराठीत एक वाट आहे, पण ती लेखी, प्रमाण मराठीतच सापडते. 'गाव पडले होते' हे नपुंसकलिंगी एकवचन. 'आजोबा पडले होते' हे आदरार्थी बहुवचन. रूप एकच. 'टोबा टेकसिंग पडले होते' या वाक्यात गाव आणि म्हातारा दोघेही मावतात. अट एवढीच, की अनुवाद पहिल्या ओळीपासून 'केले', 'गेले' अशा लेखी वळणाचा हवा. 'केलं-गेलं'च्या गद्यात अखेरीस आलेले 'पडले' निव्वळ आदरार्थी ठरेल.

यावर एक रास्त आक्षेप आहे. मंटोचा निवेदक बिशनसिंगला कुठेही आदरार्थी संबोधत नाही. हा आदर अनुवादकाने पदरचा घातलेला. म्हणून काही जण आरंभापासूनच 'बिशनसिंग उभे असत' असे लिहायला सुचवतील. मला ते पटत नाही. वेड्यांविषयी एकेरीत, कोरडेपणाने बोलणे हाच या कथेचा सूर आहे. तो शेवटच्या वाक्यापर्यंत टिकवावा आणि तिथेच 'पडले' यावे. एकेरीची सवय झालेला वाचक आधी गाव वाचेल. मग हे नाव माणसाचेही आहे हे आठवून पुन्हा वाचेल, आणि ज्याला कोणीच 'अहो' म्हटले नाही त्याला मान मिळाल्याचे त्याच्या लक्षात येईल.

मंटोने न दिलेले थोडे यात येते, हे खरे. पण 'पडला' किंवा 'पडलं' लिहिल्याने त्याने दिलेले अर्धे जाते.