मुळशीचे बंदिवान आणि चरित्रवाङ्मय

पौडच्या पश्चिमेस, मुळा व निळा यांच्या संगमाजवळ टाटांच्या वीजकंपनीने बांधावयास घेतलेल्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह सुरू झाला. त्यात कारावास भोगलेल्यांपैकी चरित्रनायक म्हणून सर्वपरिचित झाले ते मुख्यतः सेनापती बापट. १९२४ मधील रेल्वेवरील हल्ल्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९३१ साली ते सुटले. तथापि पॅरिसमधील बॉम्बविद्येपासून गोवामुक्ती व संयुक्त महाराष्ट्रापर्यंत पसरलेल्या त्या आयुष्यात मुळशी हे एक प्रकरण ठरते. मावळ्याच्या बाबतीत प्रमाण उलटे आहे. त्याचा तुरुंगवास काही महिन्यांचा असला, तरी सुटून परतावयाचे ते बुडणाऱ्या शेतीकडे. शिक्षेची मुदत हेच त्यागाचे माप धरणाऱ्या चरित्रपद्धतीला हा फरक टिपता येत नाही.

गांधीजींनी १९२४ साली 'यंग इंडिया'त लिहिलेल्या कारागृहातील अनुभवांत येरवड्यास फटके खाल्लेल्या मुळशी पेट्यातील कैद्यांचा उल्लेख आहे. समजूत घालण्यासाठी गांधीजींनी ज्यांची भेट मागितली, त्या दास्ताने व देव यांची नावे तेथे येतात. बाकीचे 'मुळशी पेट्यातील कैदी' या समूहनामाखाली झाकले जातात. त्यांत शेतकरी किती आणि बाहेरून आलेले स्वयंसेवक किती, हे त्या नावावरून उमगत नाही. प्रश्न किरकोळ नव्हे. विनायकराव भुस्कुटे यांचा 'मुळशी सत्याग्रह' (१९६८) प्रत्यक्ष लढलेल्या कार्यकर्त्याचा म्हणून मोलाचा आहेच. परंतु जमीनमालक सावकार, शहरी पुढारी आणि कसणारा मावळा यांचे हितसंबंध एकच नव्हते, ही गोष्ट राजेंद्र व्होरा यांच्या २००९ मधील इंग्रजी ग्रंथाने ठळक केली. 'सत्याग्रही' हा शब्द त्यानंतर पूर्वीइतक्या निःशंकपणे वापरता येत नाही.

दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषविरोधी कैद्यांचे वाङ्मय येथे तुलनेस उपयोगी पडते. मंडेला यांच्या आत्मचरित्राचा कच्चा खर्डा रॉबेन बेटावर चोरून लिहिला गेला, ग्रंथ १९९४ साली निघाला. पण त्याआधीच, १९८२ मध्ये, इंद्रेस नायडू या पुढारीपदाबाहेरच्या कैद्याची हकीकत आल्बी सॅक्स यांनी शब्दबद्ध करून पुस्तकरूपाने आणली होती. तेथे सांगणाऱ्याजवळ लिहून घेणारा बसला. मुळशीच्या मावळ्यापाशी कोणी टिपणवही घेऊन वेळीच बसले असते, तर बापटांचे चरित्रही आज निराळे वाचले गेले असते.