फाशांच्या हाती आख्यान

कथनप्रधान नियमांचे भूमिकाखेळ हा वाङ्मयसमीक्षेचा विषय नव्हे, असे मी परवापर्यंत मानीत होतो. बेंगळुरूतील आमच्या घरी नातवंडांनी मांडलेला एक डाव पाहिला आणि ते मत डळमळले. १९७४ च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या परंपरेत मुरलेली ही मुले 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' (२०१०) या खेळाच्या नियमांपाशी अडखळत होती. येथे दोन फाशांची बेरीज दहा वा अधिक आली तर हेतू सिद्धीस जातो. सात ते नऊ आली तर जातो, पण काही गमावून. छत्तीसपैकी पंधरा शक्यता या मधल्या घरातल्या आणि सहा व त्याखालच्याही तेवढ्याच. मुळात निर्भेळ यशाच्या वाट्याला उरतात सहा! जिंकण्याची सवय असलेल्याला हा अन्याय वाटतो. गोष्ट ऐकण्याची सवय असलेल्याला वाटत नाही.

मला सिंधुदुर्गातील दशावतार आठवला. परंपरेने तेथे लिखित संहिता नसते. आख्यान ठरते आणि संवाद रंगमंचावरच उभा राहतो. समोरच्याचे वाक्य झेलणे ही नटाची खरी तालीम. तुलना मात्र येथेच तुटते: दशावतारात शेवट सर्वांना ठाऊक असतो, या खेळात कोणालाच नसतो.

एक गोष्ट खटकली. पात्रे बोलत होती इंग्रजीत. धाकट्या नातीने मध्येच मराठीत राजाला 'तू' म्हटले, सारे हसले, आणि पुढचा अख्खा प्रसंग त्या एका सर्वनामावर चालला. नियमपुस्तकात त्याची तरतूद नव्हती.