ग्लॅस्टनबरीचा मेळा : कला आणि भूमि

कला ही कलेसाठीं कीं जीवनासाठीं, हा वाद मराठी वाङ्मयांत प्रा. फडके व श्री. खांडेकर यांच्या नांवांशीं कायमचा जोडला गेला आहे, आणि तो इतका चर्चून झाला आहे कीं त्याचें नुसतें नांव काढतांच वाचक पान उलटील अशी आम्हांस भीति वाटते. तथापि परवां एका निमित्तानें तोच वाद निराळा वेष घेऊन आमच्या दारीं आला. आमच्या महाविद्यालयांतील कांहीं विद्यार्थी सायंकाळीं घरीं आले व म्हणाले, "सर, यंदांचें स्नेहसंमेलन सभागृहांत न करतां जवळच्या गांवीं एखाद्या शेतांत करावें, तेथें गाणें, नाटक, चित्रें सर्व कांहीं असावें, आणि मागें कागदाचा कपटाहि राहूं नये, अशी आमची इच्छा आहे. प्राचार्यांकडे आपण शब्द टाकावा." त्यांच्या डोळ्यांपुढें इंग्लंडांतील ग्लॅस्टनबरीचा मेळा होता, हें त्यांच्या बोलण्यांतून लगेच कळलें. त्या वेळीं अर्थशास्त्र शिकविणारे आमचे एक स्नेही जवळच बसले होते. ते हसून म्हणाले, "दोन लाख माणसें गाईंच्या कुरणांत लोटावयाचीं, आणि वर भूमातेला जपा म्हणून सांगावयाचें, हा शुद्ध दंभ आहे. त्याची नक्कल तुम्हांला कशाला हवी?" मुलें हिरमुसलीं. आम्हीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत जो विचार केला, तोच येथें मांडीत आहों.

या मेळ्याची आमची ओळख ध्वनिचित्रमुद्रणांतून व लेखांतून झालेली आहे. परंतु परीक्षणाचा नियम सर्वत्र एकच. एखाद्या नाटकाचें परीक्षण करतांना नाटककाराचा हेतु किती उदात्त आहे हें आपण पाहत नाहीं; तो हेतु नाटकाच्या रचनेंत उतरला आहे, कीं पात्रांच्या तोंडीं भाषणें घालून भागविला आहे, हें पाहतों. मेळा हीहि माणसांनीं रचलेलीच वस्तु आहे. तिलाहि हाच नियम लावण्यास हरकत नसावी.

मेळ्याची जन्मकथा थोडक्यांत अशी. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागांत सॉमरसेट परगण्यांत पिल्टन नांवाचें खेडें आहे. तेथें वर्दी फार्म ही दुभत्या जनावरांची शेतवाडी. मायकेल ईव्हिस यांचे वडील १९५४ सालीं वारले, तेव्हां जहाजावरची नोकरी सोडून वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं हे गृहस्थ घरच्या गाईंकडे परतले. १९७० सालीं बाथ येथील संगीतोत्सवांत लेड झेपेलिन या वाद्यवृंदाचें गाणें ऐकल्यावर त्यांच्या मनानें घेतलें कीं, असें कांहीं आपल्याच रानांत व्हावें. त्याच वर्षीं १९ सप्टेंबरला पहिला मेळा भरला. जिमी हेंड्रिक्स हा विख्यात गिटारवादक आदल्याच दिवशीं लंडनमध्यें मरण पावला होता. तिकीट एक पौंडाचें, आणि त्यांत शेतावरचें दूध फुकट. माणसें आलीं सुमारें दीड हजार. पुढल्या वर्षीं विन्स्टन चर्चिल यांची नात अराबेला चर्चिल व अँड्र्यू कर यांच्या पुढाकारानें उन्हाळ्यांतील सर्वांत मोठ्या दिवसाच्या सुमारास विनामूल्य मेळा झाला; पिरॅमिडच्या आकाराचा रंगमंच प्रथम तेव्हांच उभा राहिला, आणि डेव्हिड बोवी यांनीं पहांटेच्या वेळीं त्यावर गाणें केलें. आज दीड हजारांचे दोन लाखांवर गेले आहेत, आणि एक पौंडाचें तिकीट २०२५ सालीं ३७३ पौंड ५० पेन्सांवर पोंचलें होतें. फुकट दुधाची आठवण येऊन मन थोडें खिन्न होतें, हें आम्ही लपवीत नाहीं. ज्याच्या खिशांत एवढे पैसे नाहींत, त्यानें भूमीवर प्रेम कोठें करावें, असा प्रश्न कोणी केला तर त्याला चटकन् उत्तर देतां येणार नाहीं.

आतां दंभाचा आरोप तपासूं. आरोपाच्या बाजूनें पुरावा बराच आहे. २०१७ च्या मेळ्यांत प्लास्टिकच्या दहा लाखांहून अधिक बाटल्या खपल्या. व्हाइटलेक नांवाची लहानशी नदी मेळ्याच्या रानांतून वाहते; २०१९ सालीं बँगॉर विद्यापीठाच्या संशोधकांनीं तिचें पाणी तपासलें, तेव्हां मेळ्याच्या खालच्या अंगाला मादक द्रव्यांचे अंश आढळले, आणि त्यांतील कोकेनचें प्रमाण युरोपांत दुर्मिळ होत चाललेल्या वाम माशांना अपायकारक ठरेल इतकें होतें. कारण अगदीं साधें : दोन लाखांतील कित्येक माणसें संडासापर्यंत चालत न जातां कुंपणाशींच उभीं राहतात, आणि पोटांत गेलेलें सर्व कांहीं अखेर जमिनींत उतरतें. शिवाय अशा मेळ्यांमुळें हवेंत जो धूर जातो, त्याचा मोठा वाटा दिव्यांचा व ध्वनिवर्धकांचा नसून प्रेक्षकांच्या येण्याजाण्याचा असतो. म्हणजे व्यासपीठावर सौर वीज आणि रस्त्यावर मोटारींची रांग! आमच्या स्नेह्यांचें हंसणें अगदींच अकारण नव्हतें.

परंतु आरोपाविरुद्धहि पुरावा आहे, आणि तो प्रामाणिकपणें नोंदविला पाहिजे. २०१९ सालीं चालकांनीं एकदां वापरून टाकून द्यावयाच्या प्लास्टिकच्या बाटल्यांची विक्री बंद केली. त्याच वर्षीं लोकांनीं आणलेल्या तंबूंपैकीं शेंकडा ९९.३ तंबू त्यांनीं परत नेले, असें चालकांनीं जाहीर केलें. पूर्वीं हेच तंबू हजारोंनीं चिखलांत टाकून दिले जात. २०२३ पासून मेळ्याची वीज खनिज तेलाशिवाय निर्माण केली जाते. मेळा उठला कीं स्वयंसेवक ओळी धरून रान वेंचतात, आणि लोहचुंबक ओढीत गाड्या कुरणावरून फिरतात. कारण गवतांत राहिलेली तंबूची एक मेख गाईच्या पोटांत गेली तर तिचा प्राण घेईल. ही शेवटची गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. येथें निसर्ग हा व्याख्यानाचा विषय नाहीं. ज्याच्या गाई त्याच गवतावर परत यावयाच्या आहेत, अशा गवळ्याची ती रोजची काळजी आहे.

आणि येथेंच आमच्या मूळ प्रश्नाचें उत्तर सांपडूं लागतें. व्यासपीठावरून केलेला उपदेश हा या मेळ्याचा सर्वांत दुबळा भाग आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. गाणारा गाणें थांबवून पृथ्वीविषयीं दोन शब्द बोलतो, लोक टाळ्या वाजवितात, आणि दोन्ही पक्षांना आपण कांहीं केल्याचें समाधान मिळतें. आपल्या प्रचारकी नाटकांतून टाळ्यांचीं वाक्यें असत, त्यांतलाच हा प्रकार. याला अपवाद २०१९ चा. सर डेव्हिड ॲटनबरो हे नव्वदी ओलांडलेले निसर्गशास्त्रज्ञ पिरॅमिड मंचावर आले व बाटल्या बंद केल्याबद्दल त्यांनीं जमलेल्या लोकांचे आभार मानले. तो क्षण खरा वाटतो, तो वक्त्याच्या कीर्तीमुळें नव्हे. तेथें कृति आधीं घडली होती आणि शब्द तिच्या मागून आले होते.

उलट ज्या ठिकाणीं हेतु रचनेंत मुरला आहे, त्या ठिकाणीं कोणी कांहीं बोलत नाहीं. १९८१ सालीं पिरॅमिड मंच कायमच्या स्वरूपांत बांधण्यांत आला, तेव्हां तो उन्हाळ्यांत रंगमंच आणि हिंवाळ्यांत गाईंचा गोठा व वैरणीची कोठी म्हणून वापरण्याची योजना होती. १९९४ मध्यें तो जळाला व २००० सालीं नवा उभा राहिला, ही गोष्ट निराळी. परंतु जेथें कालपर्यंत वैरण होती तेथें आज गायक उभा आहे, ही कल्पनाच एका चांगल्या रूपकाच्या तोडीची आहे. तीच गोष्ट मोडक्या मोटारींच्या वर्तुळाची. म्यूटॉइड वेस्ट कंपनी या कलावंतांच्या मंडळीनें १९८७ सालीं भंगारांतल्या मोटारी उभ्या करून स्टोनहेंजच्या प्राचीन शिळावर्तुळाची प्रतिकृति मेळ्यांत रचली, आणि २०२३ सालीं ती पुन्हां उभारली. जिच्यामुळें रस्ता तुंबला आणि हवा काळवंडली, तीच मोटार येथें देवळाचा खांब होऊन उभी आहे. पाहणारा हंसतो, आणि हंसतां हंसतां आपण कशाची पूजा करतों हें त्याच्या ध्यानांत येतें. खालीं पाटी लावून अर्थ सांगावा लागत नाहीं.

संगीताविषयींहि हेंच म्हणतां येईल. २००८ सालीं लेनर्ड कोहेन हे त्र्याहत्तर वर्षांचे कवि-गायक रविवारीं सायंकाळीं या मंचावर गायले. ऊन कलतें आहे, समोर माणसांचा समुद्र आहे, आणि डोक्यावर टोपी घातलेला एक वृद्ध अगदीं हळू आवाजांत गात आहे. त्यांनीं भूमीविषयीं प्रवचन केलें नाहीं. तरीहि तें गाणें बंद सभागृहांत ऐकतांना जसें लागलें असतें तसें तेथें लागत नाहीं, कारण उतरतें ऊन आणि तुडविलेलें गवत हीं त्या मैफलीचींच अंगें झालीं आहेत. उघड्या रानांत कला नेण्याचें समर्थन करावयाचें तर तें हेंच. रान ही केवळ स्वस्त जागा असेल, तर गाण्याचेंहि नुकसान आणि रानाचेंहि.

परंतु आमच्या मतें या मेळ्याची सर्वोत्तम निर्मिति म्हणजे ज्या वर्षीं मेळा भरत नाहीं तें वर्ष. शेतकरी कांहीं वर्षांनीं जमीन पड ठेवतो, तसे हे लोक साधारणतः पांचसहा वर्षांनीं एक वर्ष पड ठेवतात. २००६ अशी गेली, २०१२ गेली, २०१८ गेली. रोगाच्या सांथीमुळें २०२० व २०२१ हीं दोन वर्षें इच्छेविरुद्ध रिकामीं गेलीं, आणि त्यानंतर २०२६ हें वर्ष पडीसाठीं राखण्यांत आलें. आजच्या व्यवहारांत याचा अर्थ काय, हें अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना आम्हीं सांगावयास नको. लोक रांगा लावून तिकिटें मागत असतां, कोट्यवधि पौंडांची उलाढाल होऊं शकत असतां, "यंदां नाहीं, यंदां गवताची पाळी" असें म्हणणें हें कोणत्याहि व्यासपीठीय भाषणापेक्षां अधिक बोलकें आहे. येथें नीति आणि रचना एकच झालीं आहेत. छंदांत यतीला जें स्थान असतें, तेंच या मेळ्यांत पडीच्या वर्षाला आहे.

म्हणून आमच्या स्नेह्यांना आमचें उत्तर असें : दंभ म्हणजे बोलणें आणि करणें यांतील अंतर आपल्याला दिसूं नये म्हणून केलेली व्यवस्था. ज्याला तें अंतर दिसतें, जो तें मोजतो आणि दरवर्षीं थोडें कमी करूं पाहतो, तो दांभिक नव्हे. तो अपुरा आहे. नदीचें पाणी दूषित झालें हें खरें. त्यावर संशोधकांनीं लव्हाळ्यांच्या पाणथळींतून तें पाणी गाळून घेण्याचा उपाय सुचविला आहे, आणि मेळा या प्रश्नाला कसा सामोरा जातो यावरून पुढील परीक्षकांनीं त्याची किंमत करावी. प्रवासाच्या धुराला मात्र समाधानकारक उत्तर आहे असें आम्हांस वाटत नाहीं. दोन लाख माणसें एके ठिकाणीं जमवावयाचीं, तर तीं कशानें तरी येणारच. या एका बाबतींत मेळ्याचें यश हाच त्याचा दोष आहे. दीड हजार माणसें आणि फुकट दूध यांतच त्याचें खरें सौंदर्य होतें, असें कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाहीं.

आठवे दिवशीं विद्यार्थी आले. आम्हीं त्यांना सांगितलें कीं, प्राचार्यांकडे शब्द टाकूं, परंतु आधीं शेताच्या धन्याकडे जा. आपल्याकडे गांवोगांवच्या पुष्कळशा जत्रा चैत्रांत भरतात, त्या रब्बीचीं पिकें निघून रानें मोकळीं झाल्यावर; हें शहाणपण कोणी भाषण करून शिकविलेलें नाहीं. तुमचा दिवस महाविद्यालयाच्या सोयीनें ठरूं नये, रानाच्या सोयीनें ठरावा. भिंतींवर घोषणा लावूं नका. मोटारसायकली येथेंच ठेवा व दोन गाड्या करून सर्वांनीं मिळून जा. आणि संमेलन कसें झालें हें दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत पाहूं नका. मृगाचा पाऊस पडल्यावर त्या शेतांत जाऊन पाहा. शेवटीं, दोनचार वर्षें हें चाललें तर एक वर्ष पड ठेवा.

त्यावर एक मुलगी म्हणाली, "पण सर, पडीच्या वर्षीं ज्यांचें शेवटचें वर्ष असेल, त्यांनीं काय करायचें?"

प्रश्न अगदीं योग्य होता, आणि त्याला आमच्याजवळ तयार उत्तर नव्हतें. कोणाला तरी आपला वांटा सोडावा लागल्यावांचून रानाला विसांवा मिळत नाहीं, एवढेंच आम्हीं तिला सांगूं शकलों. तिनें मान डोलविली. पटलें म्हणून कीं वडीलधाऱ्यांचा मान राखावा म्हणून, तें तिचें तिला ठाऊक. आमच्या स्नेह्यांचें मत अद्याप बदललेलें नाहीं. मात्र गाड्यांच्या फेऱ्या व कचऱ्याचीं पोतीं मोजावयास आपण स्वतः येऊं, असें त्यांनीं कबूल केलें आहे, आणि या कामीं त्यांच्याहून चोख माणूस विद्यार्थ्यांना मिळाला नसता.