नऊ दिवसांचा गंज

हैदराबादेत आपल्या मंडळाने यंदा भरवलेल्या प्रदर्शनात सेंच्युरियन रणगाड्याची एक प्रतिकृती होती. प्रमाण १/३५, लांबी साधारण एक वीत. पुढ्यातल्या पट्टीवर लिहिले होते : 'पूना हॉर्स, बुतूर डोगरांडी, १६ सप्टेंबर १९६५'. करणारा तरुण आपल्यातलाच आहे. प्रश्न कामाचा आहे, माणसाचा नाही, म्हणून त्याचे नाव इथे देत नाही. प्रदर्शनात सर्वांत जास्त गर्दी याच टेबलाभोवती होती आणि बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य होते, 'अगदी खरा वाटतो!' हे 'खरे वाटणे' म्हणजे नक्की काय, ते तपासायचे म्हणून हे परीक्षण.

आधी विषयाची निवड. ती उत्तम आहे. पूना हॉर्सचे मूळ १८१७ च्या पुणे तहानंतर उभ्या राहिलेल्या पूना ऑक्झिलरी हॉर्समध्ये आहे, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. १९६५ मध्ये या रेजिमेंटचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर. ते मूळचे हैदराबाद संस्थानाच्या फौजेतले. संस्थान विलीन झाल्यावर १९५१ मध्ये ते पूना हॉर्समध्ये आले. ११ सप्टेंबर १९६५ ला फिल्लौऱ्याच्या लढाईत ते जखमी झाले, पण मागे जायला त्यांनी नकार दिला. १६ सप्टेंबरला बुतूर डोगरांडीपाशी त्यांना वीरमरण आले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. पुण्याचे नाव लावणारी रेजिमेंट आणि हैदराबादच्या फौजेत घडलेला तिचा प्रमुख, हा विषय आपल्या मंडळाच्या टेबलावर नाही यायचा तर कुठे यायचा?

कारागिरीबद्दलही तक्रार नाही. जोडणी स्वच्छ आहे, सांधे कुठे उघडे पडलेले नाहीत. चाकांची ओळ सरळ आहे. ट्रॅकला वरच्या बाजूला जो झोल पडायला हवा तो बरोबर पडला आहे. ५० टनांच्या पुढचे यंत्र जमिनीवर कसे 'बसते' हे त्याने नीट पाहिलेले दिसते. अशा प्रतिकृतीत बरेच जण इथेच फसतात, हा फसलेला नाही.

माझा मुद्दा रंगाचा आहे. नेमके सांगायचे तर रंगावर जे चढवतात त्याचा, म्हणजे या छंदातले लोक ज्याला 'वेदरिंग' म्हणतात त्याचा. धूळ, चिखल, ओघळ, पोपडे, गंज. या प्रतिकृतीवर गंज भरपूर आहे. टरेटच्या बाजूंवरून तपकिरी ओघळ उतरले आहेत, कडाकडांवर रंग उडाला आहे, आणि मागच्या भागावर तर गंजाचे पापुद्रे हाताला लागतील इतके जाड आहेत.

रंगकामात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्यांची गल्लत होते, असे मला वाटते. पहिली गोष्ट उजेडाची. वीतभर वस्तूवर खोलीतला दिवा पडतो तेव्हा खऱ्या रणगाड्यावर उन्हात पडतात तशा सावल्या पडत नाहीत. म्हणून खाचांत पातळ गडद रंग सोडायचा आणि कडांवर जवळजवळ कोरडा ब्रश फिरवून फिकट रेघ उठवायची. वॉश आणि ड्रायब्रश यांची ही रीत १९८० च्या दशकात बेल्जियमच्या फ्रान्स्वा वेर्लिंडेन यांच्या कामांमुळे जगभर पोचली. पुढे स्पेनच्या कारागिरांनी एकाच पृष्ठभागावर रंगाची छटा वरून खाली बदलत नेण्याचा प्रघात पाडला. हे सगळे नाटकातल्या रंगभूषेसारखे आहे. शेवटच्या रांगेतल्या माणसाला चेहरा दिसावा म्हणून भुवया जाड करतात, त्याला कोणी खोटेपणा म्हणत नाही. तसेच हेही मान्य.

दुसरी गोष्ट काळाची. गंज, चिखल, उडालेला रंग हे उजेडाचे खेळ नव्हेत. ती विधाने आहेत. 'इथे पाणी साचले', 'इथून माणसे चढली-उतरली', 'हा रणगाडा इतके दिवस असा उभा होता', असे प्रत्येक डाग काहीतरी सांगत असतो. आणि पट्टीवर तारीख लिहिली की प्रत्येक विधान त्या तारखेला तपासता येते. एखाद्या बखरीत मागाहून घातलेला मजकूर आपण जसा भाषेवरून आणि उल्लेखांवरून पकडतो, अगदी तसेच.

तर तपासू. १ ली आर्मर्ड डिव्हिजन ८ सप्टेंबरला सीमा ओलांडून सियालकोटच्या बाजूला शिरली. ८ ते १६ हे धरून नऊ दिवस झाले. प्रतिकृतीवर जो मळ दिसतो तो या नऊ दिवसांचा, फार तर त्याआधीच्या काही आठवड्यांच्या हालचालीचा असायला हवा.

मागच्या भागावरचे गंजाचे पापुद्रे मी डोळ्याने अंदाजले तर ०.२ मि.मी. जाड भरतात. ३५ ने गुणा : खऱ्या रणगाड्यावर ७ मि.मी. गंजाचे आकारमान खाल्लेल्या पोलादाच्या सात पट धरू. हे उदार माप झाले. तरी ७ मि.मी. थरासाठी १ मि.मी. पोलाद जायला हवे. समुद्रापासून दूरच्या हवेत उघडे पोलाद वर्षाला फार तर ५० मायक्रॉन झिजते. म्हणजे वीस वर्षे लागतील. १९६५ मधून वीस वजा केले की १९४५ येते, आणि त्या वर्षी इंग्लंडात सेंच्युरियनचे पहिलेवहिले नमुने तयार होत होते! भारताकडचे सेंच्युरियन त्यानंतरचे, १९५० च्या दशकातले. थोडक्यात, या प्रतिकृतीवरचा गंज रणगाड्यापेक्षा वयाने मोठा आहे.

रंगाच्या पोपड्यांचेही तेच. टरेटवर २-३ मि.मी. चे बरेच ठिपके आहेत. खऱ्या मापात ते ७ ते १० सें.मी., म्हणजे तळहाताएवढे होतात. चिलखतावरचा तळहाताएवढा रंग बुटांनी उडत नाही. तिथे गोळा घासून गेला पाहिजे नाहीतर काहीतरी जोरात आदळले पाहिजे. बुटांचे, अवजारांचे, पेट्यांचे घासणे हॅचच्या कडेला, चढायच्या जागी आणि मडगार्डच्या काठाला दिसते, आणि तिथे टोकदार ब्रशचा ०.३ मि.मी. चा ठिपकासुद्धा १ सें.मी. चा होतो. त्याहून मोठा नको.

लढाईतल्या रणगाड्याला गंज अजिबात नसतो असे माझे म्हणणे नाही. जिथे गोळ्याने रंग खरवडला तिथे सप्टेंबरच्या दमट हवेत एका रात्रीत नारिंगी पूट चढते, पण ते पातळ असते, बोट फिरवले की निघणारे. एक्झॉस्टवरचा रंग उष्णतेने जळतो, तिथे गंज लवकर धरतो. ट्रॅकवरही उभ्या गाडीला सकाळी गंज दिसतो आणि शंभर पावले चालली की जमिनीला लागणारा भाग पुन्हा लखलखतो. या प्रतिकृतीत नेमके उलटे आहे : ट्रॅक एकसारखा तपकिरी आणि टरेटवर ओघळ.

दुसरी चूक मातीची. खालच्या भागावर तांबूस माती फासली आहे. ही तेलंगणाची माती, आपल्या खडकाळ माळाची. सियालकोटची जमीन नद्यांनी आणलेल्या गाळाची, तिची धूळ फिकट, राखाडीकडे झुकणारी पिवळसर. विषय १९४८ चा असता, सोलापूरहून नळदुर्गच्या वाटेने आलेल्या भारतीय फौजेचा, तर सप्टेंबरातली काळी चिकट माती चाकांत अडकलेली दाखवावी लागली असती. दोन्ही मोहिमा सप्टेंबरातल्याच, पण माती पाहिली की कोणती कुठली हे कळायला हवे. इतिहासाच्या मंडळाने एवढी अपेक्षा धरणे काही जास्त नाही.

आणि जे असायला हवे होते ते कुठे आहे? सेंच्युरियनला रोल्स-रॉइसचे मीटिऑर इंजिन, पेट्रोलवर चालणारे आणि पेट्रोल अक्षरशः पिणारे. रोज रात्री तळावर अंधारात, घाईत इंधन भरायचे. सांडणारच. सांडलेल्या पेट्रोलने तोंडाभोवतीची धूळ धुऊन जाते आणि तिथे गडद, स्वच्छ कड असलेला डाग उरतो. प्रतिकृतीवर इंधनाच्या तोंडांभोवती एकही डाग नाही. तोफेच्या तोंडाशी काजळी नाही. २० पाउंडरने नऊ दिवस लढाई केली, पण तोंड नव्यासारखे आहे. बाजूचे पातळ पत्रे झाडांना, बांधांना घासून वाकतात, ते इथे पट्टी लावून कापल्यासारखे सरळ आहेत. वीस वर्षांचा गंज आहे पण नऊ दिवसांचे काम कुठेच दिसत नाही.

मग हा गंज आला कुठून? मला त्याचा उगम सापडल्यासारखा वाटतो. आपण सगळ्यांनी रणगाडे पाहिले ते चौकात, छावणीच्या फाटकाशी, चौथऱ्यावर. १९६५ मध्ये हाती लागलेले पॅटन युद्धचिन्ह म्हणून देशभर वाटले गेले. त्यांच्यावर ऑइलपेंटचे थरावर थर चढतात, फटींत पाणी साचते आणि वेल्डिंगच्या रेघांतून ओघळ उतरतात. म्हणजे डोळ्यांपुढे जो नमुना होता तो निवृत्त झालेल्या रणगाड्याचा. मेलेल्या रणगाड्याचा मळ जिवंत रणगाड्याला लागला. उलट टोकाला अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय. तिथल्या गाड्यांवर ताजा, एकसारखा हात मारलेला असतो, कारण त्या टिकवायच्या असतात. त्याच गावात आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये पूना हॉर्सच्याच अरुण खेत्रपाल यांचा १९७१ चा सेंच्युरियन 'फामागुस्ता' जपून ठेवला आहे. मापे, आकार, नट-बोल्टच्या जागा यांना असे रणगाडे हा पहिल्या दर्जाचा पुरावा. मळासाठी मात्र ते पुरावा नव्हेत. त्यासाठी लढाईच्या दिवसांतले फोटो पाहावे लागतात. ते कृष्णधवल असले तरी धूळ कुठे बसली, ओल कुठे आहे, पत्रा कुठे वाकला हे त्यांत दिसते.

यावर एक आक्षेप येणार, आणि तो हलका नाही. 'ही कला आहे हो, कागदपत्र नव्हे. गंजाने भाव येतो. स्वच्छ रणगाडा खेळण्यासारखा दिसतो.' बरोबर आहे. पट्टीवर नुसते 'सेंच्युरियन' लिहिले असते तर हा लेख लिहिलाच नसता. पण गाव आणि तारीख लिहिली की प्रतिकृती साक्षीला उभी राहते, आणि साक्षीदाराला उलटतपासणी चुकत नाही. शिवाय भाव गंजानेच येतो हेही खरे नाही. फिकट धुळीने माखलेला, इंधनाचे ओले डाग पडलेला, एक पत्रा वाकलेला आणि टरेटवर एकाच ठिकाणी ताजी नारिंगी खरवड असलेला रणगाडा डोळ्यांपुढे आणा. त्या एका खरवडीवर नजर जाऊन थांबेल. सगळीकडे जखमा असल्या की एकही जखम दिसत नाही.

मला खरी टोचणी आहे ती आणखी एका कारणाने. मी आयुष्यभर यंत्रांच्या देखभालीत घालवले. गंजलेले यंत्र पाहिले की पहिला प्रश्न मनात येतो : इथला माणूस काय करत होता? पूना हॉर्सच्या रणगाड्यांपाशी माणसे होती. दिवसभर लढून रात्री ट्रॅकचा ताण बघणारे, फिल्टर झटकणारे, ग्रीस भरणारे ड्रायव्हर आणि फिटर. तारापोरांचे नाव आपण घेतो, घ्यायलाच हवे. या माणसांची नावे आपल्यापर्यंत सहसा पोचत नाहीत, पण त्यांचे काम रणगाड्यावर दिसते, किंवा दिसायला हवे. ग्रीसचा एक डाग, बदललेल्या चाकाचा नवा कोरा रंग, पुसून स्वच्छ केलेली दुर्बिणीची काच. वीस वर्षांचा गंज थापला की ही माणसे पुसली जातात. पराक्रम दाखवण्याच्या नादात नकळत असे सांगितले जाते की यांनी आपली गाडी सांभाळली नाही.

म्हणून त्या तरुणाला माझी सूचना अशी. रणगाडा पुन्हा करू नकोस. टरेटवरचे ओघळ आणि मागचे पापुद्रे उतरव. माती फिकट कर, ट्रॅकचा जमिनीला टेकणारा भाग घासून चमकव, इंधनाच्या तोंडांभोवती पेट्रोल सांडव. दोन रविवारांचे काम आहे, तुझ्या हाताला अवघड नाही. आणि मंडळाला सूचना : पुढच्या प्रदर्शनात तारीख लिहिलेल्या प्रत्येक प्रतिकृतीशेजारी चार ओळींचा एक कागद असावा. कोणता दिवस, कोणती जमीन, कोणता फोटो पाहिला, आणि कोणता डाग कशामुळे पडला. चौथी ओळ लिहिताना पेन अडले तर तो डाग पुसून टाकावा.