खेळ आणि दाणा

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत व्हिडिओ गेमची चर्चा आरंभिलेली पाहून कांहीं वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. परंतु ज्या कृतींत कल्पना आहे, रचना आहे, आणि जिच्यापुढें माणसें तासचे तास तन्मय होऊन बसतात, तिची परीक्षा टीकाकारानें करावयाची नाहीं तर कोणीं करावयाची? या खेळांविषयीं जें लिहिलें जातें, त्यांत बहुधा पालकांची तक्रार तरी असते, नाहीं तर विकणाऱ्याची जाहिरात तरी. आमचा प्रश्न निराळा आहे. खेळणारा रमतो तो खेळामुळें, कीं खेळांत पेरलेल्या बक्षिसांमुळें?

या प्रश्नाचा माग काढतांना अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या कबुतरांपाशीं जावें लागतें. पेटींत कबूतर ठेवावें. तेथील चकतीवर त्यानें चोंच मारली कीं दाणा मिळावा, अशी त्यांची योजना होती. दाणा केव्हां द्यावा, याच्या नाना तऱ्हा त्यांनीं फर्स्टर या सहकाऱ्यासह तपासून पाहिल्या व १९५७ सालीं एका जाड ग्रंथांत मांडल्या. ठराविक टोंचण्यांनंतर दाणा मिळूं लागला, कीं तो खाऊन कबूतर थोडा वेळ स्वस्थ बसे. पण किती टोंचण्यांनंतर मिळेल याचा नेमच राहिला नाहीं, तर तें विसावा न घेतां टोंचीत सुटे; आणि दाणा अजिबात बंद झाला तरी कितीतरी वेळ टोंचीत राही. निश्चित लाभापेक्षां अनिश्चित लाभाची ओढ अधिक चिवट असते, हा त्याचा मथितार्थ.

हें आमच्या पूर्वजांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अक्षसूक्तांत द्यूतकार आपल्या संसाराची धूळधाण उघड्या डोळ्यांनीं पाहतो, आणि तरीही फाशांचा आवाज कानीं पडतांच त्याचे पाय तिकडे वळतात. नवीन आहे तें एवढेंच, कीं पूर्वीं फांसे जुगाराच्या अड्ड्यावर असत, आतां ते खेळाच्या पोटांत शिरले आहेत. गेल्या शतकाच्या अखेरीस निघालेल्या 'डायब्लो' या खेळांत राक्षस मारला कीं त्याच्या देहांतून कोणती वस्तु पडेल हें दैवावर सोंपविलेलें असे. आणि त्या एका वस्तूच्या आशेनें लोक तेच राक्षस शेंकडों वेळां मारीत. पुढें या दैवाची किंमत ठरली. पैसे मोजून बंद पेटी विकत घ्यावयाची व आंत काय आहे तें उघडल्यावर पाहावयाचें, अशा 'लूट बॉक्स'ची प्रथा इतकी फोफावली, कीं बेल्जमच्या जुगारनियंत्रण मंडळानें २०१८ सालीं कांहीं प्रसिद्ध खेळांतील अशा पेट्यांस जुगार ठरविलें.

परंतु स्किनर यांच्या प्रयोगांतील एक गोष्ट सांगावयाची बहुधा राहून जाते. तीं कबुतरें भुकेलीं असत; प्रयोगापूर्वीं त्यांस मुद्दाम अर्धपोटीं ठेवून त्यांचें वजन उतरविलेलें असे. पोट भरलेलें पाखरूं चकतीकडे ढुंकूनही पाहणार नाहीं. मग भरल्या पोटीं मोबाईल हातीं घेणाऱ्या माणसास टोंचावयास कसें लावावें? त्याच्या ठिकाणीं आधीं भूक निर्माण करावी लागते, आणि आजच्या खेळरचनेचें सारें कसब येथेंच खर्चीं पडलें आहे. 'कँडी क्रश'मध्यें खेळणाऱ्यास पांच जीव मिळतात. ते हरवले कीं अर्ध्या तासानें एक परत येतो, आणि ज्यास धीर नाहीं त्यानें पैसे मोजावे. २००९ सालीं निघालेल्या व २०२० च्या अखेरीस बंद झालेल्या 'फार्मव्हिल'मध्यें पेरलेलें पीक वेळेवर येऊन कापलें नाहीं तर वाळून जाई. म्हणजे लाभाच्या आशेस हानीच्या भीतीची जोड. अक्षसूक्त द्यूतकारास शेवटीं फांसे टाकून शेती करण्याचा उपदेश करतें. आमच्या काळानें शेतीलाही फाशांच्या पंगतीस नेऊन बसविलें!

यावर कोणी म्हणेल, बक्षिसावांचून खेळ कोठें असतो? गुण मोजणें, पैज लावणें, जिंकणें हें सारें पुरातनच नव्हे काय? आक्षेप योग्य आहे, आणि म्हणूनच येथें भेद केला पाहिजे. १९८४ सालीं मॉस्को येथें अलेक्सेइ पाजित्नॉव्ह यांनीं रचलेला 'टेट्रिस' पाहा. वरून पडणारा तुकडा नेमक्या जागीं बसला आणि ओळ नाहींशी झाली, यांत जें समाधान आहे तें त्या कृतींतूनच उगवतें. बुद्धिबळांतील सुंदर चालीसारखें तें चालीपासून वेगळें काढतां येत नाहीं. हें फळ झालें. दाणा मात्र बाहेरून टाकलेला असतो. तो कोणत्याही कृतीपुढें टाकतां येतो, आणि म्हणूनच ती कृति कितीही निःसत्त्व असली तरी चालते. वाङ्मयांत रसाचें जें स्थान तेंच खेळांत या फळाचें. आणि पानोपानीं नाणें चिकटविलेली कादंबरी लोकांनीं अखेरपर्यंत वाचली, तर तेवढ्यावरून ती रसाळ होती असें कोणीही म्हणणार नाहीं.

तेव्हां टीकाकारास एक सोपी कसोटी सुचते : दाणा काढून घ्यावा आणि मागें काय उरतें तें पाहावें. ही कसोटी एका गृहस्थानें नकळत घेऊनही ठेविली आहे. इयन बोगोस्ट या अमेरिकन अभ्यासकानें असल्या खेळांची थट्टा म्हणून २०१० सालीं 'काउ क्लिकर' काढला. पडद्यावर एक गाय. सहा तासांनीं एकदां तिला बोट लावावयाचें. बस्स, दुसरें कांहीं नाहीं. थट्टा ध्यानीं येऊनही हजारों लोक बोट लावूं लागले. पुढील वर्षीं त्यानें सर्व गाई नाहींशा केल्या, आणि तरीही कांहीं जण गाय जेथें असे त्या मोकळ्या जागेस बोट लावीतच राहिले. या खेळाचें यापेक्षां मार्मिक परीक्षण आमच्या लेखणीनें होणें नाहीं.

आम्ही हें उंचावरून सांगत नाहीं. या लेखाच्या निमित्तानें असला एक खेळ आम्ही तीन आठवडे खेळलों. पहिल्या दिवशीं चाल शोधण्यांत खरी मौज होती. तिसऱ्या आठवड्यांत चाल कोणती हें आम्हांस आठवेना, पण पेटी केव्हां उघडणार हें मध्यरात्रींही पाठ होतें. खेळ संपला होता, टोंचणें उरलें होतें.

आणि मग एक जुना प्रयोग आठवून आम्ही ओशाळलों. लेपर, ग्रीन व निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनीं १९७३ सालीं प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगांत, आपखुशीनें चित्रें काढणाऱ्या कांहीं शिशूंस 'चित्र काढा, म्हणजे प्रशस्तिपत्र मिळेल' असें आधींच सांगून तें दिलें. पुढें प्रशस्तिपत्राची गोष्ट उरली नाहीं, तेव्हां हीं मुलें इतरांच्या मानानें निम्माच वेळ चित्रें काढूं लागलीं. बक्षिसानें आवड वाढविली नाहीं. आवडीची जागा घेतली.

तीस वर्षें आम्ही वर्गांत काव्य शिकवीत आलों. एखाद्या कवितेच्या ऐन रंगांत मागच्या बांकावरून प्रश्न येतो, 'सर, हें परीक्षेला आहे का?' आजवर आम्ही त्या विद्यार्थ्याच्या अरसिकतेस हंसत होतों. आतां हंसवत नाहीं. तो लहान असतांना गोष्ट ऐकावयास आपण होऊन धांवत आला असेल. त्याच्यापुढें गुणांचा पहिला दाणा आमच्यापैकींच कोणीतरी टाकला. खेळ रचणाऱ्यांस दोष देण्याचा आमचा अधिकार आम्ही सोडीत नाहीं. मात्र पुढच्या सोमवारीं वर्गांत एक कविता वाचावयाची, आणि ती परीक्षेला नाहीं हें आरंभींच सांगावयाचें, असें आम्हीं ठरविलें आहे. किती जण बसून राहतात तें पाहूं.